रद्द केल्यास

"म्हणजे न जाण्याचे आपण अडतीस हजार जास्त देतोय?" सुनंदाने विचारलं. माझं बिस्किट चहात होतं. ते तुटून तळाशी गेलं आणि मी चमचा आणायला उठलो, कारण त्या क्षणी उठायला काहीतरी निमित्त हवंच होतं. रविवारची सकाळ, सव्वानऊ. टेबलावर माझा तक्ता पसरलेला. सुनंदाला कॉम्प्युटरवर वाचायला आवडत नाही म्हणून छापून आणलेला, चार पानं एकमेकांना चिकटपट्टीने जोडलेली. सिंगापूर ते बीजिंग, पाच देश, आठ गाड्या, एकोणीस दिवस, माणसं दोन. पंधरा महिने मी यावर काम केलंय आणि माझं काम चोख असतं, हे मी सांगायची गरज नाही, बँकेत छत्तीस वर्षं सगळे सांगायचे. तारीख, गाडी, वर्ग, परकीय चलनातलं भाडं, त्या दिवशीचा दर, रुपये, शेरा. हे सात रकाने. आणि आठवा रकाना, 'रद्द केल्यास'. कुठलं तिकीट, कुठलं हॉटेल रद्द केलं तर किती पैसे परत येतील, ओळीओळीने. परत मिळणारं तिकीट महाग असतं, न मिळणारं स्वस्त. मी सगळीकडे महाग धरलं होतं आणि त्यामुळे खर्च किती वाढला तो आकडा शेवटच्या पानाखाली बारीक अक्षरात दिला होता. न देऊन कसं चालेल? लपवायचं असतं तर दिलाच नसता. पण आम्हा बँकवाल्यांना आकडा बारीक करता येतो, गाळता येत नाही. सुनंदाने नेमका तोच शोधला. पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल केला होता.

चमचा घेऊन मी परत आलो आणि म्हणालो, "जोखीम असते. आपलं वय बघ. ऐनवेळी काही झालं तर? तुझे गुडघे, माझं बीपी, तिकडे सीमेवर काही भानगड. चार लाखांचा मामला आहे." ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा अर्थ बरं असा नसतो. ते ती वाद घालायच्या ऐवजी म्हणते. मासेवाल्याने पाबद्याचा भाव जास्त सांगितला की ती त्याच्याशी दहा मिनिटं बंगालीत भांडते, हात नाचवून, आणि तो आनंदाने ऐकतो. माझ्याशी ती भांडत नाही, बरं म्हणते. मग तिने कपबशा उचलल्या, पिशवीत वह्या भरल्या आणि महाराष्ट्र निवासात गेली. रविवारी ती तिथे मराठी शिकवते, इथे वाढलेल्या सात-आठ पोरांना, जी घरी "आई मी भात खाणार" आणि बाहेर सगळं बंगालीत बोलतात. दार लागलं. पेन्सिल कागदावर राहिली होती. ती उचलायला गेलो तेव्हा चौथ्या पानावर सामानाच्या यादीत दिसलं, तिने एक ओळ खोडली होती. सबंध यादीत एकच. 'चिवडा (घरचा), दीड किलो, खर्च शून्य.'

आता या तक्त्यात काय नाही ते विचारा. थायलंडच्या रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ वरच्यापेक्षा महाग असतो, तरी दोघांनाही खालचा धरलाय, कारण एकाने वर चढून झोपायचं आणि दुसऱ्याने खाली घोरायचं हा अन्याय आहे. औषधांची नावं कंपनीची नाहीत, आतल्या द्रव्याची, म्हणजे चीनमधल्या कुन्मिंगच्या दुकानातही दाखवता येतील. एका माणसाचं सामान नऊ किलो, कारण सुनंदाला नऊ उचलता येतं, दहा येत नाही. घरच्या वजनकाट्यावर बॅगेत तांदळाच्या पिशव्या घालून बघितलंय. चीनमध्ये आपली नेहमीची अॅप चालत नाहीत म्हणून प्रत्येक हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापून पुठ्ठ्यावर लावलाय. सिंगापूरहून मलेशियाच्या हद्दीत सोडणारी एक गाडी आहे, ती पाच मिनिटं चालते. पाच मिनिटं. पण आंतरराष्ट्रीय गाडी ती, तिलाही तक्त्यात स्वतंत्र ओळ आहे. दोघांचे सातशे रुपये. आणि खरं सांगतो, त्या सातशे रुपयांनी मला जितका त्रास दिला तितका चीनच्या व्हिसानेही दिला नाही, कारण ते परत मिळतात की नाही हे कोणालाच नक्की सांगता येईना. एस्प्लनेडचे आमचे तिकीटवाले साहाबाबू म्हणाले, "दादा, सातशे रुपये के लिए इतना फोन?" शेवटी मी त्या ओळीत प्रश्नचिन्ह घातलं. सगळ्या आठव्या रकान्यात तेवढं एकच प्रश्नचिन्ह. तक्ता उघडला की माझी नजर आधी तिथेच जायची.

सोमवारी सकाळी साहाबाबूंकडे पैसे भरायचे ठरलं होतं. म्हणजे सुनंदाने तो प्रश्न विचारला तेव्हा हातात एक दिवस होता. दिवसभर तिने विषय काढला नाही. दुपारी झोपली, संध्याकाळी संत्री सोलली, मला अर्धी दिली, बेंगळुरूला क्षितिजला, आमच्या मुलाला, फोन लावला आणि त्याच्याशी त्याच्या गादीबद्दल पाऊण तास बोलली. आईबाबा मार्चमध्ये चीनला चाललेत याचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी शेजारच्या खोलीत कान देऊन बसलो होतो. मग लक्षात आलं की तिने हे कोणालाच सांगितलेलं नाही. निवासातल्या बायकांना नाही, पुण्याला बहिणीला नाही. मी मात्र लिफ्टमध्ये भेटेल त्याला पकडून सांगत होतो. पासपोर्ट तिने दिला, फोटो काढून घेतला, सही कर म्हटलं तिथे सही केली. काही म्हणजे काही विचारलं नाही. मला वाटलं, विश्वास आहे. गाढव आहे मी.

सोमवारी कालीघाटला मेट्रोत बसलो. मांडीवर फाइल, फाइलमध्ये तक्ता. बसायला जागा मिळाली, ज्येष्ठांची. समोर एक बाई नोलेन गुडाची, खजुराच्या नव्या गुळाची, मडकी पिशवीत सांभाळून उभी होती, गाडी हलली की तिचा सगळा जीव त्या पिशवीत. मी डोळे मिटले आणि म्हटलं, चला, जरा प्रवास बघू. लाओसची गाडी, डोंगर, बोगदे, खिडकीत सुनंदा. दिसेना. मी गाडीचा नंबर सांगू शकत होतो, डबा सांगू शकत होतो, चार्जिंगचा पॉइंट सीटच्या कुठल्या बाजूला आहे तेही. पण खिडकीत सुनंदा येईना. त्याऐवजी दुसरंच आलं आणि इतकं सहज आलं की मला कळलं, हे मी पूर्वी बघितलंय, एकदा नाही, शंभरदा. मी साहाबाबूंना फोन करतोय. "दादा, थोडा प्रॉब्लेम हो गया, कॅन्सल करना पडेगा." काय प्रॉब्लेम ते दर वेळी वेगळं, गुडघे, बीपी, सीमा. पुढचं मात्र तेच. सात दिवसांनी मोबाइल वाजतो, पैसे जमा, आणि माझ्या छातीवरून काहीतरी उतरतं. मी खुर्चीत मागे टेकतो. घर आपल्या जागी आहे, पंखा फिरतोय, कुठे जायचं नाही. पंधरा महिने रोज जेवणानंतर मी तक्ता उघडून बसायचो आणि शेवटी हे बघून उठायचो. आणि मला वाटायचं, मी प्रवासाची स्वप्नं बघतोय.

बदलीवर बिलासपूरला होतो तेव्हाचं ते मी इतकी वर्षं आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, पण हिशोबासारखं, चुकता झालेला. आमच्या बँकेत अधिकाऱ्याला चार वर्षांतून एकदा कुटुंबासह देशात लांब कुठेही जायचं भाडं मिळतं. एलएफसी म्हणतात. जायचं नसेल तर एक फॉर्म भरून हक्क सोडायचा आणि त्या अंतराच्या भाड्याइतके पैसे रोख घ्यायचे. बहुतेक जण घेतात. काश्मीर बघितलेला माणूस आमच्यात विरळा, पण काश्मीरच्या पैशांत फ्रिज, स्कूटर, मुलाची फी असं सगळ्यांच्या घरी आहे. आमचा सोफा अंदमानचा आहे. असं आम्ही हसून म्हणतो आणि पाहुणेही हसतात. दोन हजार एकला घेतले, पाचला घेतले. नऊला सुनंदा म्हणाली, या वेळी जाऊ. तिने ठरवलंही होतं कुठे. जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत एक गाडी जाते, हिमसागर, तीन दिवसांवर. तिला कन्याकुमारीचं काही पडलं नव्हतं, जम्मूचंही नाही. तिला त्या गाडीत बसायचं होतं. "एकाच खिडकीतून," ती म्हणायची, "चहावाल्याची भाषा बदलत जाईल." एवढंच कारण. क्षितिज तेव्हा बारा वर्षांचा. त्याने शाळेच्या नकाशात पेन्सिलीने रेघ मारली होती आणि ती रेघ मारताना नकाशा दोन ठिकाणी फाटला होता.

निघायच्या चार दिवस आधी तिने चिवडा केला. मोठा डबा भरून, पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप घालून, तिच्या आईच्या पद्धतीने थोडी साखर घालून. शंकरपाळे केले. बॅगा भरून दाराशी ठेवल्या. बदल्यांची सवय असलेली बाई, सामान बांधावं तर तिने. कुठल्या बॅगेत कुठे सुई आहे ते अंधारात सांगेल. आणि त्या दिवशी ऑफिसात मी रजेचा फॉर्म घ्यायला गेलो आणि दुसरा फॉर्म घेतला. कारण काय सांगू? कारकुनाने दोन्ही पुढे केले होते. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, मी घरी येऊन सांगितलं. बिल्डरने लवकर मागितलाय. सुनंदा जेवायला वाढत होती. तिने आमटी वाढली, मग क्षितिजला वाढली, मग म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी बॅगा रिकाम्या. तो चिवडा आम्ही बारा दिवस खाल्ला. ती रोज संध्याकाळी चार वाजता वाटीत घालून द्यायची, न चुकता, चेहऱ्यावर काही नाही. बाराव्या दिवशी मऊ पडला होता, तरी मी खाल्ला. क्षितिजने सुट्टीनंतर शाळेत कन्याकुमारीच्या सूर्यास्तावर निबंध लिहिला, दहापैकी आठ मिळाले, आणि मी त्याला शाबासकी दिली. तेराला सुनंदाने काही सुचवलं नाही. तेव्हा पैसे घेतले ते घरात कोणाला कळलंसुद्धा नाही.

एस्प्लनेडला वर आलो तेव्हा फुटपाथवर स्वेटरवाल्यांची गर्दी होती. साहाबाबूंचं ऑफिस जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण ती चढणाऱ्यांनाच नेते, उतरणाऱ्यांना नाही. दार ढकललं. साहाबाबूंनी चहा मागवला, माझी फाइल ओढून घेतली आणि चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "तो दादा, फायनल? सब रिफंडेबल वाला?" मी म्हणालो, नाही. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मी म्हणालो, जे परत मिळत नाही ते द्या. सगळं. "देख लीजिए दादा," ते म्हणाले, "फिर मेरे को फोन मत कीजिएगा. नाम नहीं बदलेगा, तारीख नहीं बदलेगा, पैसा तो भूल ही जाइए." छत्तीस वर्षं मी कर्ज मागायला आलेल्या लोकांना हाच आवाज लावला होता. त्यांचे चेहरे कसे व्हायचे ते मला आता आतून कळलं. तीन वेळा मोबाइलवर ओटीपीचा आकडा आला आणि तीन वेळा मी तो टाइप केला. पहिल्या वेळी चुकला. साहाबाबूंनी चहा माझ्याकडे सरकवला. सगळं मिळून तीन लाख चौऱ्याहत्तर हजार. पाच मिनिटांच्या गाडीची ओळ आली तेव्हा ते हसून म्हणाले, "ये सातसो भी गया, दादा." मीही हसलो.

खाली उतरलो (जिन्याने) आणि बसच्या थांब्याजवळ उभा राहिलो. मला भीती वाटत होती. हे साधं वाक्य आहे, पण पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा म्हणतोय. बदली मला चालायची, बदलीला ऑर्डर असते, जॉइन व्हायची तारीख असते, तिकडे एक खुर्ची आपली वाट बघत असते. पण नुसतं जायचं, कोणी बोलावलेलं नसताना, आणि तिकडे आपण कोणीच नसायचं. गाडी सुटली की माझ्या हातात काही राहणार नाही. बिलासपूरलाही हेच झालं होतं. हप्ता वगैरे काही नव्हतं. म्हणजे हप्ता होता, मार्चमध्ये, आणि त्याच्यासाठी ठेव फेब्रुवारीत सुटणार होती. मीच तशी तारीख लावून ठेवली होती. गाडी होती डिसेंबरमध्ये. पैसे कमी पडत नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण मी पुण्यातलं निवडलं, हजार-बाराशे किलोमीटर लांबचं, म्हणजे कोणी बघायला येणार नाही. एक बस गेली, दुसरी गेली. कंडक्टर हावडा हावडा ओरडत होता. मी मेट्रोनेच परत आलो.

सुनंदा जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती. तक्ता तिने बाजूला सारला होता, नीट घडी घालून. मी समोर बसलो आणि पावत्या तिच्यापुढे ठेवल्या. "परत न मिळणारी घेतली. वीस मार्चचं विमान." तिने हात पदराला पुसले आणि पहिली पावती वाचली, मग दुसरी. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का बघितलं. सुनंदा हेमंत टिपणीस. मी थांबलो होतो. ती काही म्हणेल असं वाटलं होतं, म्हणजे निदान अहो कशाला, किंवा पैसे वाचले की. ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

"सुनंदा, बिलासपूरला त्या वर्षी हप्त्याला पैसे कमी नव्हते."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"पासबुक कोण भरून आणायचं? स्वतःच्या बँकेत रांगेत उभं राहायला तुम्हाला लाज वाटायची." तिने एक काडी वेगळी काढली. "फेब्रुवारीत ठेव सुटली तेही बघितलं मी."

मी तिच्या हातांकडे बघत होतो. सोळा वर्षं. मी ज्या खोट्यावर इतकी वर्षं बसून होतो ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि ती मला वाटीत चिवडा घालून देत होती. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? कारण खोटं आहे म्हटलं असतं, तर खरं ऐकावं लागलं असतं." मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माझ्याबरोबर तीन दिवस एका डब्यात बसायचं नाहीये."

घरात पंखासुद्धा चालू नव्हता, थंडीचे दिवस. खाली कोणीतरी रिक्षावाल्याला हाका मारत होतं. मला एकदम तिच्या पदराचं टोक धरावंसं वाटलं आणि मी धरलं नाही, टेबलावरची मेथीची जुडी धरली. बाईने सोळा वर्षं हे मनात ठेवून माझ्या शर्टांना इस्त्री केली, माझ्या आईचं केलं, या शहरात माझ्यामागे आली, आणि मी समजत होतो की तिला एका गाडीत बसायला मिळालं नाही एवढंच. एवढंच असतं तर बरं होतं. एवढंच असतं तर ते भरून देता आलं असतं, आठ गाड्या, पाच देश.

"तसं नव्हतं," मी म्हणालो. "तसं कधीच नव्हतं. मला भीती वाटली होती. निघायचीच. अजून वाटतेय. साहाबाबूंकडे पहिल्या वेळी आकडाच चुकीचा टाइप केला मी."

तिच्या चेहऱ्यावर मला आधी काहीच वाचता येईना, मग दिसलं की ती हिशोब करतेय. सोळा वर्षं मागे जाऊन एकेक नोंद नव्याने बघतेय. याला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. मी मेथीची पानं काढायला लागलो. मला नीट जमत नाहीत, देठं राहतात. तिने माझ्या ढिगातली दोन-तीन देठं उचलून टाकली.

"एवढंच होतं," ती म्हणाली. तो प्रश्न होता की नाही, मला कळलं नाही.

"एवढंच."

"मग सांगायचं होतं. मी धरून बसले असते तुम्हाला." तिने डोळे पदराने टिपले, पटकन, मेथीचा कचरा गेल्यासारखे. मग टेबलावरून तक्ता ओढला, चौथं पान उघडलं, आणि पेन्सिल हातात घेऊन खोडलेल्या ओळीवर थांबली.

"चिवडा करीन," ती म्हणाली. "पण निघायच्या दिवशी सकाळी."

"त्या दिवशी गडबड होईल. विमानाच्या आधी तीन तास पोचायचं असतं. आदल्या दिवशी कर ना."

"निघायच्या दिवशी," सुनंदा म्हणाली. "टॅक्सी बोलावलीत की पोहे भाजायला घेईन."

"बरं," मी म्हणालो.